चॅटूगाचा वरचा टप्पा : कयाक कधी उतरवता येते, कुठून आणि कुठवर

जॉर्जिया, साउथ कॅरोलायना आणि नॉर्थ कॅरोलायना या तीन राज्यांच्या सीमेवरच्या चॅटूगा नदीबद्दल या वेळी इतके प्रश्न आले, की हा महिना तिच्यासाठीच राखून ठेवला आहे. बहुतेक पत्रांचा रोख हायवे २८ च्या पुलाच्या वरच्या, म्हणजे उगमाकडच्या पात्राकडे आहे. १९७६ पासून तिथे बोटींना बंदी होती. २०१२ पासून ती अटींसह अंशतः उठली आहे. या अटी नीट न वाचता गेलेल्यांना दंड होऊ शकतो आणि पाण्यात अडकण्याची वेळही येऊ शकते, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : जंगल सरकारी, म्हणजे जनतेचं. नदीला कायद्याचं संरक्षण. मग पुलाच्या खाली वर्षभर कयाक चालते आणि वर चालत नाही, हा भेद कशासाठी? (एक वाचक, अटलांटा)

या भेदाचं मूळ पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. १९६८ च्या ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स’ कायद्याखाली १० मे १९७४ रोजी चॅटूगाच्या सुमारे ५७ मैलांना संरक्षण मिळालं. त्याआधी दोन वर्षं एका गाजलेल्या चित्रपटामुळे ही नदी देशभर माहीत झाली होती आणि हौशी लोकांची रीघ लागली होती. काही जण बुडालेही. यूएस फॉरेस्ट सर्व्हिसनं १९७६ च्या आराखड्यात नदीची सरळ वाटणी केली : पुलाच्या खाली बोटी, पुलाच्या वरचे सुमारे २१ मैल ट्राउट मासे पकडणाऱ्यांना आणि पायी भटकणाऱ्यांना. १९८५ च्या आराखड्यानं तेच चालू ठेवलं आणि २००४ च्या आराखड्यानंही.

२००४ च्या निर्णयाविरुद्ध अमेरिकन व्हाइटवॉटर या पॅडलरांच्या संघटनेनं खात्याकडे अपील केलं. एप्रिल २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या मुख्यालयानं ते मान्य केलं. संपूर्ण बंदीला पुरेसा आधार कागदोपत्री दिसत नाही, आधी नदीवर किती माणसं सामावू शकतात याचा अभ्यास करा, असा तो आदेश होता. अभ्यासाला, जनसुनावण्यांना आणि मध्येच एक निर्णय जाहीर करून मागे घेण्याला मिळून जवळजवळ सात वर्षं गेली. ३१ जानेवारी २०१२ रोजी आजचा निर्णय आला. पॅडलरांना तो अपुरा वाटला, तर जॉर्जिया फॉरेस्टवॉच या पर्यावरण संघटनेला तो जरा जास्तच वाटला. दोन्ही बाजू कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये फोर्थ सर्किट अपील कोर्टानं खात्याचा निर्णय जसाच्या तसा कायम ठेवला.

आमचं मत विचाराल तर १९७६ ची सरसकट बंदी अन्यायाचीच होती. कोणताही अभ्यास न करता एकाच गटाला बाहेर ठेवलं होतं. पण कोर्टानं जे म्हटलं तेही समजून घ्यायला हवं. या कायद्यानं नदीची जी मूल्यं जपायची आहेत त्यांत मनोरंजन आहे, पण मनोरंजन म्हणजे केवळ बोट नव्हे. एकांतात मासेमारी करणं हेही मनोरंजनच. दोन्हींत तोल साधायचं काम कायद्यानं खात्यावर सोपवलं आहे. खात्यानं ते मनमानीनं केलं नाही एवढंच कोर्ट तपासतं. ‘आम्ही असतो तर कसा तोल साधला असता’ हे ते बघत नाही.

प्रश्न : आज नेमकी परवानगी कशाला आहे? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (ग्रीनव्हिल)

मोकळा भाग ग्रीन क्रीकच्या संगमापासून लिक लॉग क्रीकच्या संगमापर्यंतचा, सोळा-सतरा मैलांचा. त्याच्या वरही बंद आणि खालीही बंद. लिक लॉगपासून हायवे २८ पर्यंतच्या निकोल्सन फील्ड्स भागात वल्हवत जाता येत नाही. लोक चुकतात ते इथेच. पूल जवळ आहे, पाणी सोपं आहे, गाडी तिथे लावलेली आहे, म्हणून पुढे जायचा मोह होतो. लिक लॉगला कयाक बाहेर काढून, खांद्यावर घेऊन, चढाच्या पायवाटेनं साधारण मैलभर निकोल्सन फोर्ड रस्त्यावरच्या पार्किंगपर्यंत चालायचं असतं. दिवसभर थंड पाण्यात वल्हवून झाल्यावर वीस किलोची ओली कयाक घेऊन हा चढ चढायचा आहे, हे सकाळीच हिशेबात धरा. खांद्यावर घ्यायचा पट्टा सोबत असू द्या आणि बूट चालण्याजोगे घाला.

काळ १ डिसेंबर ते ३० एप्रिल. वेळ अधिकृत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. पाणी बरेल्स फोर्डच्या मापनकेंद्रावर किमान ३५० क्युसेक. बोटी : एक किंवा दोन माणसांच्या कडक कवचाच्या कयाक व कनू, आणि एक किंवा दोन माणसांच्या हवा भरायच्या कयाक. राफ्ट चालत नाही. एका गटात जास्तीत जास्त सहा माणसं आणि कमीत कमी दोन बोटी. व्यावसायिक सहली पूर्ण बंद, म्हणजे पैसे घेऊन कोणी तुम्हाला वरच्या भागात नेतो म्हणाला तर तो बेकायदा धंदा करतो आहे. उपनद्यांत बोट घालायची नाही.

परवाना मोफत असतो. उतरण्याच्या जागी पेटीत कोरे फॉर्म असतात. आपणच भरायचा, एक भाग पेटीत टाकायचा, दुसरा जवळ ठेवायचा. तो झिपच्या पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा. गाडीत राहिलेला परवाना नदीवर दाखवता येत नाही.

आदेश मोडल्यास केंद्रीय कायद्याखाली ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. निघण्यापूर्वी माउंटन रेस्टच्या अँड्र्यू पिकन्स रेंजर कचेरीत चालू आदेश विचारून घ्या. वादळानंतर रस्ते किंवा पायवाटा तात्पुरत्या बंद असतात आणि ते आदेश वेगळे निघतात.

प्रश्न : ३५० क्युसेकची अट व्यवहारात कशी पाळायची? आम्ही शार्लटहून निघतो तेव्हा आकडा ४२० असतो, पोहोचेपर्यंत ३३० होतो. मग उतरायचं की परत फिरायचं?

अख्ख्या नियमावलीत सर्वांत जास्त गोंधळ याच अटीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कोणतं मापनकेंद्र. चॅटूगावर यूएसजीएसची, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, एकाहून जास्त मापनकेंद्रं आहेत. जुनं आणि प्रसिद्ध केंद्र खाली हायवे ७६ च्या पुलापाशी, ‘क्लेटनजवळ’ या नावाचं. त्याची फुटांतली पातळी जुने पॅडलर तोंडपाठ सांगतात. वरच्या भागासाठी तो आकडा निरुपयोगी आहे. तिथपर्यंत वेस्ट फोर्कसह बऱ्याच उपनद्या मिळून नदी कितीतरी मोठी झालेली असते. नियमात फक्त बरेल्स फोर्डचं केंद्र धरलं आहे, क्रमांक ०२१७६९३०. फोनमध्ये खूण करून ठेवायचं ते पान हे, आणि त्यावरचा विसर्गाचा आलेख बघायचा, पातळीचा नव्हे.

दुसरी गोष्ट, केव्हा. दिवसाच्या उजेडाच्या ठरलेल्या वेळेत पाणी ३५० ला पोहोचलं, की त्या क्षणापासून त्याच दिवशी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी असते. नंतर आकडा खाली गेला म्हणून लगेच बाहेर पडावं लागत नाही. उदाहरण घ्या. डिसेंबरअखेर सूर्योदय साडेसातच्या सुमारास, म्हणजे वेळ सुरू होते सातला. रात्री दोनला पाणी ६०० झालं आणि सातला ३४० वर येऊन घसरतच राहिलं, तर तो दिवस गेला. रात्रीच्या ६०० चा उपयोग नाही. सातला ३६५ होतं आणि अकराला ३३० झालं, तर दिवस मोकळा आहे. तुमच्या प्रश्नातला ४२० हा आकडा उजेडाच्या वेळेतला असेल तर तुम्ही नियमात बसता. पहाटे पाचचा असेल आणि सातच्या आत ३५० खाली गेला असेल तर बसत नाही. आलेखाचा स्क्रीनशॉट वेळेसह काढून ठेवा. नदीवर रेंजरनं विचारलं तर तोंडी हिशेब सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

तिसरी गोष्ट, उशीर. केंद्र दर पंधरा मिनिटांनी मोजतं, पण मोजमाप उपग्रहामार्गे संकेतस्थळावर यायला तासाभराचा वेळ लागू शकतो. दिसणारा आकडा ‘आत्ताचा’ नसून थोडा शिळा असतो. खोऱ्यात मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, तेव्हा शेवटचा आकडा डोंगर उतरण्यापूर्वीच बघून घ्यायचा. यूएसजीएसच्या ‘वॉटरअलर्ट’ सेवेत हे केंद्र निवडून ३५० चा उंबरठा घातला तर तो ओलांडताच संदेश येतो.

आता परत फिरायचं की नाही. कायदा ‘उतरा’ म्हणत असला तरी पाणी काय म्हणतं ते निराळं. बरेल्स फोर्ड मोकळ्या भागाच्या मधोमध आहे. त्याच्या वरच्या, ग्रीन क्रीक ते बुलपेन पूल या ‘क्लिफ्स’ नावाच्या भागाचं पाणलोट क्षेत्र बरंच लहान आहे. केंद्रावर ३३० आणि घसरण चालू असेल तर वर पाणी आधीच ओसरलेलं असतं. कयाक खडकांवर घासत जाते, मधल्या दगडांवर अडकते आणि वेळ जातो. थोडक्यात, पाणी उतरत असताना बरेल्स फोर्डच्या खालचा टप्पा धरावा, आणि वरचा टप्पा पाऊस नुकता थांबलेला असताना. पाणी चढत असेल तर मात्र जास्त सावध राहायचं. हायलंड्स-कॅशियर्सच्या पठारावर वर्षाला ८० इंचांहून जास्त पाऊस पडतो आणि खोरं उभं आहे. हिवाळ्यात झाडं पाणी ओढत नाहीत, जमीन आधीच भिजलेली असते, त्यामुळे पडलेला पाऊस सरळ नदीत येतो. दोन-तीन तासांत विसर्ग दुप्पट होतो. नियमात खालची मर्यादा आहे, वरची नाही. ती आपल्या गटातल्या सर्वांत कच्च्या पॅडलरकडे बघून गाडीतच ठरवून ठेवायची.

३५० हाच आकडा का, असंही दोघांनी विचारलं आहे. पाण्यात उभं राहून गळ टाकणाऱ्याला कमी पाणी लागतं, कयाकला जास्त. पाणी ३५० च्या वर गेलं की ट्राउटवाले आपसूकच कमी होतात. दोन्ही गट एकाच वेळी एकाच डोहावर येऊ नयेत, म्हणून हा आकडा निवडला.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत. चालेल का? (रॉली)

एका गटात नाही. चार-चारचे दोन गट करा, दोन वेगळे परवाने भरा आणि मध्ये पुरेसं अंतर ठेवा, म्हणजे पहिला गट दिसेनासा झाल्यावरच दुसरा निघेल. वाटेत जेवायला एकत्र थांबलात की तो आठांचाच गट झाला.

प्रश्न : आमच्याकडे दोघांची हवेची कयाक आहे. मी आणि नवरा एवढेच जाणार. आणि पॅकराफ्ट चालतो का? (ऑगस्टा)

दोघांची हवेची कयाक परवानगीत बसते, पण एकटीच नाही. किमान दोन बोटींची अट माणसांवर नसून बोटींवर आहे. एक उलटून वाहून गेली तर दुसरीनं पाठलाग करावा, थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) टाकावी, बातमी पोहोचवावी, हा त्यामागचा विचार. आणखी एक बोट सोबत हवीच. पॅकराफ्टचं, म्हणजे घडी करून पाठीवर नेता येणाऱ्या हवेच्या छोट्या बोटीचं, नाव आदेशात घेतलेलं नाही. वरून बंद, स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ न देणारं कमरेभोवतीचं आच्छादन) बसवलेला एकट्याचा पॅकराफ्ट ‘हवेची कयाक’ धरावा असं आपल्याला वाटेल, पण ठरवणार रेंजर. रेंजर कचेरीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

प्रश्न : वरच्या भागात आडव्या पडलेल्या झाडांचा त्रास फार आहे म्हणतात. एक छोटी करवत नेऊन वाट मोकळी केली तर कोणाचं काय बिघडतं?

नदीचं बिघडतं, आणि वल्हवायच्या परवानगीचंही.

हेमलॉक वूली अडेल्जिड या परदेशातून आलेल्या किडीनं इथली हेमलॉक झाडं मोठ्या प्रमाणावर मारली. काठावर वाळून उभी राहिलेली ती खोडं एकेक करून नदीत येतात. पाण्यात पडलेला ओंडका ट्राउटला आडोसा देतो, त्याच्यामागे वाळू-रेती साठते, किड्यांना घर मिळतं. म्हणून २०१२ च्या निर्णयात स्पष्ट अट आहे : खात्याच्या परवानगीशिवाय ओंडके हलवायचे नाहीत, कापायचे नाहीत. बोटी आल्या की लाकूड कापलं जाईल, ही बंदीच्या बाजूच्या लोकांची सुरुवातीपासूनची भीती होती. एक ताजा करवतीचा काप त्यांचा मुद्दा सिद्ध करायला पुरेसा आहे.

करवत न वापरता काय करायचं? पॅडलर अशा झाडाला ‘स्ट्रेनर’ म्हणतात. पाणी फांद्यांतून आरपार जातं आणि माणूस अडकून राहतो. पाण्याचा सगळा दाब पाठीवर येतो आणि डोकं खाली जातं. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर पुढचा माणूस एडीत, म्हणजे दगडामागच्या उलट फिरणाऱ्या शांत पाण्यात थांबतो, काठावर चढून बघतो आणि मगच हातानं खूण करतो : सरळ, डावीकडून, उजवीकडून, किंवा थांबा. दोन कयाकांत किमान एका एडीचं अंतर. मागचा माणूस पुढच्याच्या शेपटाला लागून आला तर दोघांनाही थांबायला जागा राहत नाही. मागच्या आठवड्यात मोकळी असलेली घळ या आठवड्यात बंद असू शकते, तेव्हा जुन्या माहितीवर एकही आंधळा उतार घ्यायचा नाही.

आणि तरीही कोणी वाहत झाडावर जाऊ लागला तर? पाय पुढे करून पाठीवर तरंगायची नेहमीची रीत इथे उलटी आहे. पोटावर वळा, तोंड झाडाकडे करा, जोरात हात मारत जा आणि पोहोचताक्षणी दोन्ही हातांनी खोडावर रेटा देऊन अंग वर झोकून द्या. पाय खाली सोडलेत की पाणी तुम्हाला फांद्यांखाली ओढतं. हे उन्हाळ्यात, उथळ पाण्यात, दोन माणसांनी धरलेल्या बांबूवर सरावानं शिकता येतं. शिकून घ्याच.

झाड चुकवून काठानं कयाक नेताना रोडोडेंड्रॉनच्या जाळीतून नवी वाट पाडायची नाही. असलेली पायवाट नसेल तर दगडांवरून, पाण्याच्या कडेनं जा. ओल्या मातीवरून सहा कयाक ओढल्या की एका दिवसात घसरगुंडी तयार होते आणि पुढच्या पावसात ती माती नदीत जाते. कयाक ओढू नका, दोघांनी उचला.

प्रश्न : ग्रीन क्रीकच्याही वर, ग्रिमशॉज पुलापासून निघणारे लोक होते असं ऐकलं. तो भाग कोणाचा? (ॲशव्हिल)

ग्रिमशॉज पूल ते ग्रीन क्रीक हा सुमारे पावणेदोन-दोन मैलांचा भाग नॉर्थ कॅरोलायनात आहे आणि त्याच्या काठांवर खासगी जमीन आहे. खात्यानं हा भाग परवानगीत घेतलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ग्वाथमी खटल्यात सांगितलं आहे, की ज्या पाण्यातून उपयोगी बोटी जाऊ शकतात, त्यांत हौशी छोट्या बोटीही आल्या, ते पाणी नौकानयनयोग्य आणि म्हणून जनतेचं. पॅडलरांचा दावा यावर उभा आहे. जमीनमालकांना तो मान्य नाही. २०१४ च्या निकालात कोर्टानं या वादावर निवाडा दिलाच नाही. जॉर्जियात गेलात तर कसोटीच निराळी : तिथे नेहमीच्या व्यापाराचा माल भरलेली बोट वर्षभर किंवा वर्षाचा काही काळ जाऊ शकली पाहिजे. त्यामुळे एका राज्यातला निकाल दुसऱ्यात दाखवून उपयोग नाही.

सल्ला सरळ आहे. तिथून उतरू नका. हक्काची परीक्षा संघटनेनं, वकिलासह, कोर्टात करावी. कुणाच्या काठावर उभं राहून नव्हे.

प्रश्न : मी ट्राउट पकडतो, कयाक चालवत नाही. तुमचं सदर पॅडलरांच्या बाजूचं वाटतं. डोहात तासभर शांत उभं राहिल्यावर वरून सहा रंगीत बोटी येतात तेव्हा काय होतं, याचाही विचार करा. (क्लेमसन)

तुमचं म्हणणं रास्त आहे. वरच्या चॅटूगाची शांतता ही खरी आणि दुर्मीळ गोष्ट आहे. रीड क्रीक ते हायवे २८ हा ‘डिलेड हार्वेस्ट’चा पट्टा, जिथे १ नोव्हेंबर ते १४ मे फक्त एकेरी हुकाच्या कृत्रिम गळानं मासा पकडून परत सोडायचा असतो, बोटींना बंद ठेवला आहे तो याचसाठी. हा भाग बंद राहणं आम्हाला पटतं. तिथलं पाणी सपाट आहे. कयाकवाल्याचं फार नुकसान होत नाही आणि तुमचा हंगाम वाचतो. मे ते नोव्हेंबर सगळा वरचा टप्पा तुमचाच असतो.

पॅडलरांसाठी : गळवाला दिसला की वल्हं थांबवा, आवाज न करता विचारा, ‘कोणत्या बाजूनं जाऊ?’ तो दाखवेल तिकडून जा. दोर पुढे टाकलेला असेल तर शक्यतो त्याच्या पाठीमागून. त्याच्या डोहात एडी पकडू नका, रोल (कयाक उलटवून पुन्हा सरळ करणं) मारू नका, सहाही जण सलग निघून जा. सहा जणांनी दहा मिनिटांच्या अंतरानं सहा वेळा त्रास देण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : पुलाच्या खालचे टप्पे, सेक्शन थ्री आणि फोर, राफ्टनं केले आहेत. वरचा भाग जमेल का? (जॉन्स क्रीक)

राफ्टमधल्या अनुभवावर नाही. राफ्टमध्ये वाट निवडतो गाइड. वरच्या तिन्ही टप्प्यांत, क्लिफ्स, एलिकॉट रॉक आणि रॉक गॉर्ज, चौथ्या ते पाचव्या श्रेणीचे उतार आहेत आणि ते अरुंद घळीत, खडकांत, गार पाण्यात. आधी सेक्शन टू, मग थ्री स्वतःच्या कयाकमध्ये, पुन्हा पुन्हा. थ्रीच्या शेवटचा बुल स्लूस हा उतार आणि नंतर फोरमधले पाच सलग धबधबे हातचे झाले, आणि खवळलेल्या पाण्यात रोल दोन्ही बाजूंनी विश्वासानं लागू लागला, म्हणजे विचार करायला हरकत नाही. पहिल्यांदा जाल तेव्हा तो भाग ओळखणारी किमान दोन माणसं सोबत असू द्या.

सुरुवात बुलपेनच्या लोखंडी पुलापासून बरेल्स फोर्डपर्यंतच्या एलिकॉट रॉक टप्प्यानं करावी. पाच-सहा मैल अंतर, दोन्ही टोकांना गाडीरस्ता, आणि एलिकॉट रॉकपासून खाली पूर्व काठाला नदीलगत पायवाट, त्यामुळे काही झालं तर चालत बाहेर पडता येतं. बरेल्स फोर्डच्या खालच्या रॉक गॉर्जमध्ये ही सोय नाही. तिथे पायवाट नदी सोडून वर चढते, आणि बिग बेंडचा मोठा धबधबाही त्याच टप्प्यात आहे.

ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, चैन नाही, गरज आहे. गार पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास ताब्यात राहत नाही, दहा मिनिटांत बोटं दोर पकडेनाशी होतात. गळ्याची आणि मनगटाची रबरी पट्टी फाटलेली नाही ना हे आदल्या रात्री बघा. छोट्या चिरेतून पाणी शिरलं की आतले लोकरी कपडे भिजतात आणि ड्रायसूटचा उपयोग संपतो. प्रत्येकाकडे थ्रो बॅग, शिट्टी आणि सुरी हवी. गटात मिळून तुकडे जोडून तयार होणारं एक जादा वल्हं, पुली आणि कॅराबिनरचा संच, प्रथमोपचार, काडेपेटी, हेडलॅम्प आणि उपग्रहावर चालणारा संदेशयंत्राचा एक नग. डिसेंबरात दुपारी बारानंतर रॉक गॉर्जमध्ये उतरू नये. नियम काहीही म्हणो, घळीत अंधार लवकर पडतो.

प्रश्न : यलोस्टोनमध्ये परिस्थिती काय? (डेन्व्हर)

तिथे आणखी कडक. उद्यानातल्या नद्या-ओढ्यांवर बोटींना बंदी १९५० पासून आहे, आणि ती सुरू झाली मासेमारी अति होत होती म्हणून. अपवाद एकच : लुइस आणि शोशोनी या तळ्यांमधला प्रवाह, तोही फक्त हातानं वल्हवायच्या बोटींना. ग्रँड टिटनमध्ये स्नेक नदी मोकळी, बाकीच्या बंद. २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहानं ही बंदी सैल करण्याची तरतूद असलेलं विधेयक संमत केलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. चॅटूगाची तुलना इथे फारशी लागू पडत नाही. राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय जंगल यांचे खाते वेगळे, कायदे वेगळे.

प्रश्न : आई-वडील भारतातून आले आहेत. त्यांना नदी दाखवायची आहे, फार चालवत नाही. (सुवानी)

हायवे ७६ च्या पुलाशेजारच्या पार्किंगमधून बुल स्लूसपर्यंत छोटी, बांधलेली वाट आहे. काठावर बसून कयाक आणि राफ्ट उतरताना दिसतात. दगड शेवाळलेले असतात. धारेच्या वरच्या बाजूला पाय बुडवायला जाऊ देऊ नका.

प्रश्न : हा नियम बदलायचा असेल, म्हणजे काळ किंवा ३५० चा आकडा, तर सामान्य माणसानं काय करायचं? सह्यांची मोहीम उपयोगी पडेल का? (अल्फारेटा)

सह्यांचा उपयोग थोडा. खातं जंगल आराखड्यात किंवा नदीच्या नियमात बदल सुचवतं तेव्हा जनतेच्या सूचनांसाठी मुदत जाहीर होते. त्या मुदतीत लिहिलेलं पत्र नोंदीत जातं. पुढे निर्णयाच्या मसुद्यावर हरकत घ्यायची असेल तर साधारणपणे तो हक्क आधी मुद्देसूद लेखी सूचना दिलेल्यालाच असतो, आणि हरकतीत नवे मुद्दे सहसा चालत नाहीत. आधी गप्प बसून शेवटी ओरडलं तर दार बंद झालेलं असतं. एकाच मजकुराची हजार पत्रं एकच मुद्दा म्हणून मोजली जातात.

म्हणून पत्रात प्रस्तावाचं नाव, टप्प्याचं नाव आणि नेमकी मागणी लिहा : ‘बरेल्स फोर्ड ते लिक लॉग हा टप्पा मे महिन्यातही अमुक विसर्गाला मोकळा करावा.’ मग कारण आणि निरीक्षण जोडा : कोणत्या तारखेला, किती विसर्गाला गेलात, किती गळवाले, किती पायी लोक भेटले, कुठे ओंडका होता आणि तो कसा ओलांडला. दर वेळी परवाना नीट भरणं इथे कामाला येतं. हंगामात किती लोक खरोखर गेले याची खात्याकडची मोजदाद याच फॉर्मांवरून होते. फॉर्म न भरता गेलेला गट नियम तर मोडतोच, शिवाय ‘मागणीच नाही’ म्हणणाऱ्यांच्या हाती आकडा देतो. पत्राची प्रत आणि पोहोच जपून ठेवा, हरकतीच्या वेळी ती कामी येतात.